पाच धांडे आणि एक कुलूप

उत्साही : भाऊ, शेलूबाजारच्या चौकातून अकोला, कारंजा, मालेगाव, मंगरूळपीर असे चहूकडे रस्ते फुटतात. आजवर हे गाव म्हणजे बाजाराचं आणि एसटी बदलायचं ठिकाण. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि महामार्गावरून खाली उतरायची एक जागा शेलूबाजारजवळ आली. आता मुंबईहून निघालेला माणूस इथे उतरू शकतो. प्रश्न एवढाच, की त्यानं उतरावं कशासाठी? माझं म्हणणं, त्याला दाखवण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे. वाशिमचं बालाजी मंदिर आहे, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव कारंजा आहे, सेवालाल महाराजांची पोहरादेवी आहे. मंगरूळपीरला बिरबलनाथ महाराजांचं संस्थान आहे आणि ज्यांच्यामुळे त्या गावाच्या नावाला ‘पीर’ लागलं त्या हयात कलंदरांचा दर्गा आहे. दत्त संप्रदाय, दोन्ही पंथांचे जैन, बंजारा, नाथ, सुफी, सगळे एका सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात. त्याला आपल्या ऋतूंच्या सणांची जोड द्या. आखाडी, पोळा, महालक्ष्म्या, भुलाबाई, कोजागिरी, सीतादही. वर्षभराचं एक पत्रक काढावं, कोणत्या महिन्यात कुठे काय बघायला मिळेल त्याचं. जपानात शहरातला एखादा लहानसा भागसुद्धा असं पत्रक काढतो, आणि लोक त्या तिथीला तिथे जातात.

साशंक : मास्तर, देवळांची नावं तुम्ही सांगितलीत त्याला माझी हरकत नाही. देऊळ आहे तिथे उभं आहे, आज गेलं काय नि उद्या गेलं काय. सणांची गोष्ट वेगळी आहे. सण म्हणजे आपल्याकडे कामाचा एक टप्पा होता. पोळा घ्या. श्रावणाची अमावस्या येईपर्यंत डवरणी आटोपलेली असायची, बैल मोकळा व्हायचा, म्हणून त्याचा सण. आदल्या संध्याकाळी खांदमळण. जू घासून घासून बैलाच्या खांद्याचं कातडं जिथे राठ होतं तिथे बोटांनी चाचपून हळद आणि तूप जिरवायचं, आणि मग त्याच्याशी माणसाशी बोलावं तसं बोलायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ त्या बोलण्याला अर्थ होता, कारण तीन महिने त्यानं ओढलेलं होतं आणि आवतन देणाऱ्याला ते ठाऊक होतं. आता पेरणी ट्रॅक्टरवर, तण मारायला औषध, सोंगून ठेवलेलं सोयाबीन काढायला हडंबा. पोळ्याच्या सुमाराला सोयाबीनच्या शेंगा भरत असतात आणि कास्तकार पाठीवर पंप घेऊन फवारत असतो. मोकळा कोण आहे त्या दिवशी? बैलच राहिले नाहीत आणि माणसाला सवड नाही. तोरणाखाली ज्या दोन-चार जोड्या उभ्या राहतात त्यांतल्या काहींच्या खांद्यावर जुवाचा वळही नसतो. तुमच्या पत्रकातला पाहुणा हे पाहून जाईल आणि म्हणेल, विदर्भात पोळा पाहिला. त्यानं काय पाहिलं?

उत्साही : त्यानं पाहिलं ते अपुरं, हे मान्य. पण काम बदललं म्हणून सण पोकळ झाला, हे मला एकदम पटत नाही. तिथी अजून ऋतूला धरून आहे. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि पोळा १४ सप्टेंबरला गेला, पुढच्या वर्षी २ सप्टेंबर, २०२५ ला २२ ऑगस्ट. पुढे-मागे होतो, पण पावसाळ्याच्या उतरणीवरून हलत नाही. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवून आपल्या पूर्वजांनी चंद्राला सूर्याच्या जोडीनं चालवलं, ते कशासाठी? सण आपल्या ऋतूतच पडावा म्हणून. याची किंमत जपानकडे पाहिलं की कळते. १ जानेवारी १८७३ पासून जपान सरकारनं जुनं पंचांग बाजूला ठेवून युरोपचं कॅलेंडर घेतलं. सातव्या महिन्याच्या सातव्या तिथीचा तानाबाता हा ताऱ्यांचा सण ७ जुलैला नेमला गेला, आणि ७ जुलै पडतो तिथल्या ऐन पावसाळ्यात. ज्या दोन ताऱ्यांच्या भेटीचा सण, ते ढगांआड. म्हणून सेंदाई शहरानं तो ऑगस्टच्या ६ ते ८ तारखांना धरला. पितरांचा ओबोनही बहुतेक ठिकाणी महिनाभर पुढे सरकवून ऑगस्टमध्ये करतात. सरकारनं तारीख बदलली तरी लोकांनी ऋतू सोडला नाही. आपल्यावर तर ती वेळच आली नाही. मग जे न मागता टिकलं आहे ते आपण का टाकून द्यावं?

साशंक : टाकायचं कोण म्हणतं? मी म्हणतो की ऋतू म्हणजे नुसता पाऊस आणि ढग नव्हेत. ऋतू म्हणजे त्या वेळी वावरात काय उभं आहे ते. सेंदाईच्या लोकांना तारे परत मिळाले, तारे कुठे गेले नव्हते. आपल्याकडे गेलं ते पीक. भुलाबाई घ्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून महिनाभर पोरी घरोघर गाणी म्हणत हिंडायच्या, डब्यातली खिरापत वाजवून ओळखायच्या, आणि कोजागिरीला भुलाबाई-भुलोजीला ज्वारीच्या पाच धांड्यांच्या माडीत बसवायचं. धांडे आणायला पोराला नुसतं ‘वावरातून घेऊन ये’ म्हटलं की झालं. कणीस नुकतं भरत आलेलं, पानं हिरवी, उभी केलेली माडी घराच्या छताला लागायची. महालक्ष्म्यांच्या जेवणातली आंबील ज्वारीचीच. आता आपल्या शिवारात नजर जाईल तिथवर सोयाबीन आणि मध्ये तुरीची तासं. सोयाबीनचं झाड गुडघ्याच्या थोडं वर. त्याची कुणी माडी करत नाही. कोजागिरीच्या आदल्या दिवशी लोक बाजारात धांडे विकत घेतात. ज्या सणानं ज्वारी पिकल्याचा आनंद करायचा, त्यासाठी ज्वारी दुरून येते.

उत्साही : विकत का होईना, आणतात ना? मला तर त्यात आशा दिसते. ज्या घरात वर्षभर ज्वारीची भाकर होत नाही त्या घरालाही त्या एका रात्रीसाठी धांडे लागतात. म्हणजे त्या पिकाची आठवण सणानं धरून ठेवली. उद्या एखाद्यानं म्हटलं, की यंदा धुऱ्याच्या कडेला दोन तासं ज्वारी टाकू, तर ते म्हणण्यामागे बाजारभाव नसेल, भुलाबाई असेल.

साशंक : दोन तासं टाकून पाहिलेल्यांना विचारा. सगळ्या शिवारात एकट्याची ज्वारी असली की झाडून सगळी पाखरं त्याच वावरावर उतरतात. पूर्वी पाखरं नव्हती का? होती. पण ज्वारी सगळ्यांकडे होती, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला पाखरांचा थोडाथोडा मार यायचा आणि माळ्यावर बसून गोफण फिरवणारं पोरगं पुरायचं. आता कणीस भरतं तोवर रिकामं होतं. ज्वारी एकट्याला पेरता येत नाही, मास्तर. आणि सणाचंही मला तसंच दिसतं. तो सगळ्या शिवाराचा असला तर उभा राहतो. एका हौशी माणसानं, एका मंडळानं किंवा पर्यटनाच्या एखाद्या पत्रकानं तो पेरायचा म्हटला तर त्याच्यावर बाहेरचे सगळे एकदम उतरतात.

उत्साही : हे तुमचं बोलणं मला लागलं. त्याला लगेच उत्तर नाही. पण आधीच्या मुद्द्याचा एक धागा राहिला आहे. तुम्ही सणाचं सगळं मोल पिकाला नेऊन बांधलंत. मग रमजानचं काय? त्या पंचांगात अधिक महिना नाही. दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे येत येत तेहतीस वर्षांत रमजान उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळ्यांतून फिरतो. पीक आणि काम यांच्याशी त्याची काही गाठ नाही. म्हणून तो पोकळ झाला का? मंगरूळपीरला कुणी तसं म्हणेल? रामनवमीला लाखो बंजारा पोहरादेवीला येतात. आज त्यांतले कितीतरी पुण्या-मुंबईकडून, तेलंगणातून, कर्नाटकातून येतात. लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून चालणारा तांडा, हे त्यांचं काम तर इंग्रजांच्या रेल्वेनं आणि सडकांनी कधीच संपवलं. काम संपून शंभराहून अधिक वर्षं झाली आणि यात्रा मात्र वाढते आहे.

साशंक : आता तुम्हीच दोन दगडांवर उभे आहात. मघाशी म्हणालात ऋतू टिकला म्हणून सण टिकला. आता म्हणता ऋतू नसला, काम नसलं तरी सण टिकतो. मग टिकतो तरी कशानं?

उत्साही : बरोबर पकडलंत. मला वाटतं, काही सणांना ऋतूचा आधार असतो आणि काहींना माणसांच्या एकत्र येण्याचा. पोहरादेवीला येणारा माणूस काही बघायला येत नाही, तो आपल्या माणसांत यायला येतो. तिथे आता नंगारा वास्तूसंग्रहालय उभं राहिलं आहे, ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. बंजारा नसलेला माणूस तिथे पाहायला जाईल आणि त्यानं जावंच. पण यात्रा काही त्या पाहणाऱ्याच्या जिवावर नाही. पोळ्याचा आधार ऋतू होता. तो गेला तर पोळ्याला दुसरा आधार शोधावा लागेल, नाहीतर तुम्ही म्हणता तसं होईल.

साशंक : इथवर आपण जवळ आलो. आता देवळांकडे वळू, कारण तिथे मला तुमच्या उत्साहाची जास्त भीती वाटते. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते? रंग. खेड्यातल्या जुन्या दगडी देवळाला ऑइल पेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा, शिखरावर सिमेंटचे सिंह, समोर पत्र्याचा सभामंडप. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीनं कोरलेल्या पाकळीवर केशरी रंगाचे चार थर चढतात आणि पाकळीची धार बुजून जाते. दगड श्वास घेतो, पाणी आत-बाहेर करतो. वरून रंग फासला की ओल आत अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आणि हे सगळं भक्तीनं होतं, वर्गणी काढून होतं, म्हणून कुणाला बोलताही येत नाही. माझं सोपं म्हणणं आहे, जुन्या देवळाला हात लावू नका. आपलं वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं खोदवलं. पण खुद्द राजधानीत त्या काळचं डोळ्यांना दिसेल असं फारसं काही उरलेलं नाही. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशिमला उजेडात आला, त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्मातूनच दिलेला, थोडा संस्कृतात आणि थोडा प्राकृतात. सोळाएकशे वर्षं तो तांब्याचा पत्रा कुणी घासला नाही, वितळवला नाही, रंगवला नाही, म्हणून आपल्याला राजधानी कळली.

उत्साही : ताम्रपट पुजायचा नसतो, भाऊ. देऊळ पुजायचं असतं, आणि पूजा म्हणजे रोज हात लावणंच. वाशिमच्या बालाजीचंच पाहा. औरंगजेबाच्या काळात मूर्ती मातीत दडवल्या, पुढे एका घोडेस्वाराच्या काठीनं माती उकरली गेली आणि मूर्तीचं बोट दिसलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, पण मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात साबाजी भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळूनं बांधवलं. म्हणजे मूर्ती जुनी आणि घर नंतरचं. त्या काळी कुणी ‘हात लावू नका’ म्हटलं असतं तर बालाजी अजून मातीत असते. टोकियोच्या असाकुसा भागात अशीच गोष्ट आहे. ६२८ साली दोघा कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली आणि तिच्यासाठी सेन्सोजी मंदिर झालं, अशी तिथली परंपरा. १९४५ च्या बाँबवर्षावात त्याचा मुख्य मंडप जळाला. १९५८ साली तो पुन्हा बांधला तो सिमेंट-काँक्रीटचा. भाविकांना त्यात काही खोट दिसत नाही. मे महिन्यातल्या सांजा उत्सवात त्या दोघा भावांच्या आणि त्यांच्या जोडीच्या तिसऱ्याच्या नावाच्या पालख्या गल्ल्यागल्ल्यांतून निघतात. आणि इसेचं मंदिर तर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर पुन्हा नवं उभारतात, जुनं उतरवतात. २०१३ ला झालं, आता २०३३ ला होईल. तेराशे वर्षांची परंपरा आणि लाकूड मात्र सहसा वीस वर्षांहून जुनं नसतं. त्यांच्या लेखी जुनेपण लाकडात नाही.

साशंक : मग कशात आहे? सुताराच्या हातात आहे. वीस वर्षांचा मुक्काम असल्यामुळे एकदा हाताखाली काम केलेला पोरगा पुढच्या खेपेला कसबी कारागीर असतो आणि त्याच्या पुढच्या खेपेला शिकवणारा असतो. तेच सायप्रसचं लाकूड, तशीच जोडणी, तसंच शाकारलेलं छप्पर. इसेवाले नवं करत नाहीत, तेच पुन्हा करतात. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे राजस्थानातून आणलेला संगमरवर आणि कंत्राटदार. दगडाच्या सांध्यात शिसं कसं ओततात, चुन्यात काय घालतात, हे सांगणारा आपल्या तालुक्यात कोण आहे? तो असता तर मी तुमच्याशी भांडलो नसतो. म्हटलं असतं, बांधा पुन्हा. करणारा हात शाबूत असेल तिथे वस्तू मोडली तरी चालते. हातच गेलेला असेल तिथे उरलेली वस्तू तरी जपा. असाकुसाचं काँक्रीट मला त्याच कारणानं पटत नाही. जळाल्यावर नाइलाज होता, हे समजतो. आपल्याकडे कुठे जळालं होतं?

उत्साही : हे मी लिहून घेतो. हात शाबूत असेल तर वस्तू मोडली तरी चालते. पण मग हाच नियम पोळ्याला लावा. खांदमळणीचा हात अजून कुणाकुणाला आहे. तो आहे तोवर बैल कमी झाले तरी सण पुन्हा उभा राहू शकतो. तुम्ही मघाशी तर त्याला निकालात काढलं होतं.

साशंक : लावला. तसं असेल तर मला मान्य. पण नियम इतका सरळ चालत नाही, आणि त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मूर्तीला ठरावीक काळानं लेप द्यावा लागतो. म्हणजे इसेसारखंच, नवं करत राहणं हा पूजेचाच भाग. लेप द्यायला नको असं दिगंबर म्हणत नाहीत, श्वेतांबर म्हणत नाहीत. वाद कुठे पडला? लेपात मूर्तीच्या अंगावर वस्त्राची खूण उमटवायची की नाही. एकाच्या मते ती नसली तर देव अपुरा, दुसऱ्याच्या मते ती असली तर देव आपला उरत नाही. १९०५ साली दोन्ही पंथांनी दिवसाचे तास वाटून पूजेचं वेळापत्रक केलं. पुढे भांडण अकोल्याच्या कोर्टातून नागपूरला आणि नागपूरहून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, १९२९ साली निकाल लागला. तरी मिटलं नाही. १९८१ पासून मूर्तीच्या दाराला कुलूप. चार दशकांहून जास्त काळ दर्शन घ्यायचं ते दाराच्या झरोक्यातून. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये दार उघडलं. बघा म्हणजे, करणारे हात दोन्हीकडे शाबूत होते, कसब होतं, श्रद्धा होती, पैसा होता. अडलं ते एकाच गोष्टीवर. लेप कसा द्यायचा हे ठरवणार कोण?

उत्साही : मला त्या चाळीस वर्षांत एक वेगळीच गोष्ट दिसते. तुम्ही म्हणता ‘हात लावू नका’. शिरपूरला कुलूप लागलं, म्हणजे तेच झालं. मूर्ती अगदी होती तशी राहिली का? लेप मिळाला नाही म्हणून ती झिजतच होती, आणि लेप द्यायला मिळावा म्हणून लोक कोर्टात उभे होते. हात न लावणं हासुद्धा एक निर्णयच झाला, आणि तोही कुणाच्या तरी हातून कुणाच्या तरी विरुद्ध.

साशंक : हो. तेवढं मला मागे घ्यावं लागेल. हात न लावणं म्हणजे निवाडा टाळणं नव्हे.

उत्साही : तर मग आपण दोघं एकाच जागी आलो. बदल व्हावा की होऊ नये, हा प्रश्न बाजूला पडला. बदलाचा अधिकार कुणाचा, हा खरा प्रश्न. यावर माझं एक उत्तर आहे. क्योटोचा गिऑन उत्सव ८६९ साली रोगाच्या साथीपायी सुरू झाला, आपल्या आखाडीला मरीआईची पूजा होते त्याच भावनेनं. पंधराव्या शतकातल्या मोठ्या युद्धात शहर जळालं आणि उत्सव तीसेक वर्षं बंद पडला. १५०० साली तो पुन्हा उभा केला तो तिथल्या पेठांतल्या व्यापारी-कारागिरांनी. आजही एकेक रथ एकेका गल्लीचा आहे. दोरखंडानं लाकडं बांधून रथ उभा करायचा, एक खिळा न मारता. तो जपायचा, त्याचा खर्च करायचा, त्याची चिंता करायची ती त्या गल्लीनं. लाखो लोक बघायला येतात, पण रथावर काय लावायचं हे बघणारा ठरवत नाही. माझं उत्तर असं, की जो राबतो त्याचा अधिकार. आपल्याकडेही गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला जाताना शिरपूर, रिसोडवरून जाते. वाटेवरची गावं वारकऱ्यांना जेवू घालतात, पाय चेपून देतात. बाहेरून हजारो माणसं गावात आली म्हणून गावाचं काही बिघडत नाही, उलट गाव वर्षभर त्या दिवसाची वाट पाहतं.

साशंक : वारकरी बघायला आलेला नसतो, तो चालायला आलेला असतो. म्हणून बिघडत नाही. तुमच्या पत्रकातला माणूस चालणार नाही, मोबाइल काढील. पण तो मुद्दा सोडतो, कारण तुमचं दुसरं वाक्य फार मोठं आहे. जो राबतो त्याचा अधिकार. मास्तर, हे वाक्य आपल्या पोळ्याला लावून बघा. बैलाला वर्षभर चारापाणी कोण करायचं? सालगडी. पहाटे तीनला उठून वैरण टाकणारा तो, नदीवर नेऊन धुणारा तो, शिंगं रंगवणारा तो. आणि तोरणाखाली मानाची जोडी कुणाची? पाटलाची. पुढे कोण उभं राहणार, तोरण कुणाच्या बैलानं तुटणार, यावरून गावात डोकी फुटली आहेत, पण त्या भांडणात सालगड्याचं नाव कधी आलं नाही. संध्याकाळी तो जोडी घेऊन घरोघर जायचा आणि त्याच्या हातावर बोजारा पडायचा. नवे कपडे मिळायचे. तेवढाच त्याचा मान. देवळाचं तर काय सांगावं. दगड वाहिले कुणी, चुना मळला कुणी, आणि आत जाता आलं कुणाला? अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात जाऊ द्या एवढ्या मागणीसाठी १९२७ च्या नोव्हेंबरात परिषद भरवावी लागली आणि बाबासाहेब आंबेडकरांना तिचं अध्यक्षपद घ्यावं लागलं. गिऑनच्या गल्लीत तरी जो राबतो तोच मालक होता. आपल्याकडे राबणारा आणि मानकरी ही माणसंच वेगळी. तुम्ही परंपरा ज्याच्या हाती द्यायला निघालात, त्याला ती कधी कुणी दिलीच नव्हती.

उत्साही : म्हणूनच आता द्यायची. तुम्ही इतिहास सांगितलात तो खरा आहे, पण त्यातून निष्कर्ष माझ्या बाजूचा निघतो. पोळा जसा होता तसा जपायचा म्हटलं तर मानाची जोडीही जपावी लागेल. तो बदलायचा असेल तर कुणीतरी धीर करून म्हणायला हवं, की यंदा तोरणाखाली पहिला उभा राहील तो बैलांना वर्षभर सांभाळणारा माणूस, मालक कुणी का असेना. काही गावांत लोक ट्रॅक्टर सजवून तोरणाशी आणतात. तुम्हाला ते आवडणार नाही, मला माहीत आहे. पण त्या ट्रॅक्टरवर बसणारा पोरगा म्हणजे आजचा राबणारा. तण काढणाऱ्या आणि सोयाबीन सोंगणाऱ्या बाया म्हणजे आजचे राबणारे. कापसाची पहिली वेचणी करताना वावरात दहीभात ठेवून सीतादही करतात ते कोण? बायाच. आपल्या सणांतला तो एक असा आहे की जो राबतो तोच पुजारी. मला वाटतं, तो आहे तसा जगला कारण त्यात मान वाटायला काही नव्हतंच.

साशंक : आणि बघायलाही कुणी नव्हतं. वावरात चार बाया, एक दगड, थोडा दहीभात. तुमच्या पत्रकात त्याचं नाव आलं की धुऱ्यावर गाड्या उभ्या राहतील. मग कुणीतरी म्हणेल, बाया एकसारख्या लुगड्यांत असाव्यात. मग कुणीतरी उद्‌घाटन करील. मान वाटायला सुरुवात झाली की मानकरी आलाच. त्या बायांच्या हातून सण काढून घ्यायला दुसरं काही लागत नाही, फक्त तो मोठा करावा लागतो.

उत्साही : आणि मोठा न करता तसाच ठेवला तर? कापूस आपल्या भागात सोयाबीनपुढे मागे सरला. पुढच्या पिढीला सीतादही हे नावही ठाऊक नसेल. ती पोर शेलूबाजारहून समृद्धीवर चढून पुण्याला जाईल आणि तिथे कुणी विचारलं, तुमच्याकडे काय असतं, तर ती म्हणेल, काही नाही.

साशंक : त्या पोरीला सांगायचं काम तुमच्या पत्रकाचं नव्हे, तिच्या आजीचं आहे.

उत्साही : आजी गेल्यावर?

साशंक : असं करू. देवळांचं पत्रक काढा, माझा हातभार आहे. त्यात रंग देऊ नका, फरशा लावू नका, हेही छापा. शिरपूरचं लिहिताना दोन्ही पंथांना दाखवूनच छापा. पोहरादेवीचं तिथल्या लोकांकडून लिहून घ्या. पोळ्याला ट्रॅक्टर उभे करायचे तर करा, मी भांडणार नाही, फक्त तोरण कुणी धरायचं ते ठरवताना ज्यांच्या अंगात वर्षभराचा घाम आहे त्यांना बैठकीला बोलवा. सीतादही आणि भुलाबाईला मात्र माझा नकार आहे.

उत्साही : तुमचा नकार कुठल्या अधिकारानं, भाऊ? तुम्ही कधी कापूस वेचला नाही आणि भुलाबाईचं गाणंही म्हटलं नाही.

साशंक : कुठल्याच नाही. आणि तुमचा होकार?

उत्साही : माझाही नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेआधी त्या बायांकडे जाऊन येतो. त्या हो म्हणाल्या तरी तुम्ही म्हणाल, मास्तर विचारायला गेले म्हणून हो म्हणाल्या.

साशंक : म्हणेनच. म्हणून एकटे जाऊ नका, मीही येतो. आणि तुम्ही विचारण्याआधी मला एक विचारू द्या, यंदा धांडे कुठून आणणार?